बिढार, झूल आणि घरची जमीन : नेमाड्यांच्या कादंबऱ्यांत पुन्हा पुन्हा काय येतं?



आजचा विषय साहित्याच्या खात्यातला आहे आणि मी तत्त्वज्ञानाचा माणूस. पण कादंबरीकडे इतिहासाचं साधन म्हणून बघायला कुणाची परवानगी लागत नाही. विद्यापीठाचे वार्षिक अहवाल काढून बघा. किती महाविद्यालयं निघाली, विद्यार्थी किती वाढले, इमारतींवर किती खर्च झाला, हे सगळं त्यात सापडेल. पण त्या महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये दुपारच्या चहाला काय बोललं जायचं, नवा माणूस आला की त्याचं आडनाव विचारण्याआधी कुणाच्या डोळ्यांत काय हिशेब सुरू व्हायचा, हे अहवालात नसतं. ते मराठीत ज्यांनी सविस्तर लिहून ठेवलं आणि हसत हसत लिहून ठेवलं, त्या भालचंद्र नेमाड्यांबद्दल आज बोलायचं आहे.

चरित्र थोडक्यात सांगतो, कारण बहुतेकांना ते ठाऊक आहे. जन्म 1938 चा, खानदेशातल्या सांगवीचा, यावल तालुका. शिक्षण पुण्यात फर्ग्युसन आणि डेक्कन कॉलेजात, इंग्रजीचं एम. ए. मुंबईला. मग इंग्रजीची प्राध्यापकी, ती गावोगावी. नगर, धुळे आणि आपलं हे शहर, तेव्हाचं औरंगाबाद. पुढे लंडन, गोवा, मुंबई. ‘कोसला’ 1963 साली आली, तेव्हा लेखक पंचविशीत होता आणि कादंबरीचा नायकही पंचविशीतच आहे. त्यानंतर बारा वर्षं कादंबरी नाही. मग 1975 मध्ये ‘बिढार’, 1977 मध्ये ‘जरीला’, 1979 मध्ये ‘झूल’. ‘हूल’ धरून याला आपण चांगदेव चतुष्टय म्हणतो. आणि मग एकदम 2010 साली ‘हिंदू’.

आता आधी नावं बघा. ही माझी खोड आहे, तत्त्वज्ञानवाल्यांना शब्द धरून बसायची सवय असते. कोसला म्हणजे किड्याने स्वतःभोवती विणलेला कोश. बिढार म्हणजे मुक्कामाची जागा. ‘लीळाचरित्रा’त चक्रधरांच्या मुक्कामाला हाच शब्द येतो. हूल म्हणजे हुलकावणी. जरीला ही खानदेशातली कापसाची एक जात. झूल आपण पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालतो. पाचही नावं आवरणाची, मुक्कामाची किंवा फसवणुकीची आहेत. कापूससुद्धा शेवटी कापडच व्हायचा. म्हणजे माणूस आतमध्ये कुठेतरी आहे आणि त्याच्यावर काहीतरी घातलेलं आहे. पदवी, नोकरी, जात, इंग्रजी. पोळ्याच्या दिवशी झूल घातलेला बैल काय दिमाखात चालतो! दुसऱ्या दिवशी सकाळी मानेवर जू असतंच. प्राध्यापकाचं असं वर्णन मराठीत आधी कुणी केलं नव्हतं.

नायकांची नावंही तशीच. पांडुरंग, चांगदेव, खंडेराव. एक पंढरपूरचा, एक जेजुरीचा, आणि मधला तर आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा योगी. चांगदेवाची गोष्ट लहानपणी ऐकली नाही असा माणूस इथे नसेल. चौदाशे वर्षं तप केलं, वाघावर बसून हातात सापाचा चाबूक घेऊन निघाला, आणि ज्ञानेश्वरांना पत्र लिहायची वेळ आली तेव्हा मायना काय लिहावा तेच कळेना, म्हणून कोरा कागद पाठवला. मुक्ताबाई म्हणाली, इतकी वर्षं झाली आणि हा अजून कोराच. त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून पासष्ट ओव्या लिहिल्या गेल्या. चांगदेवाचं देऊळ तापी-पूर्णेच्या संगमावर आहे, म्हणजे नेमाड्यांच्याच मुलखात. आता या नावाचा एक तरुण इंग्रजीचं एम. ए. होतो, मुंबईच्या लेखकमंडळींत वावरतो, तब्येतीच्या धास्तीने पोखरला जातो आणि छोट्या गावांच्या कॉलेजांत नोकऱ्या करत फिरतो. चौदाशे वर्षांचं तप म्हणजे आपलं शिक्षण. वाघ म्हणजे इंग्रजी. आणि कागद? तो कोराच आहे. हा माझा अर्थ आहे, लेखकाने असं कुठे म्हटलेलं नाही. पण नाव ठेवताना खानदेशच्या माणसाच्या मनात ही गोष्ट नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

या कादंबऱ्यांच्या मागचा इतिहास थोडा उलगडून सांगायला हवा, कारण ऐकणाऱ्यांत तरुण मंडळी बरीच आहेत. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया, आणि तिथलं माध्यम उर्दू. औरंगाबादला उस्मानियाचं इंटरमीजिएट कॉलेज होतं. त्याच्या पुढचं शिकायचं तर घर सोडावं लागे. 1950 मध्ये दोन गोष्टी झाल्या. नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, आणि इथे बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने कॉलेज सुरू केलं, तेच आपलं मिलिंद. मग 23 ऑगस्ट 1958 ला मराठवाडा विद्यापीठ. पाच जिल्ह्यांचा मुलूख, आणि त्यात बघता बघता तालुक्याच्या गावापर्यंत महाविद्यालयं. उरलेल्या महाराष्ट्रातही तेच चाललं होतं. राज्य 1960 ला झालं, साखर कारखाने उभे राहिले, आणि कारखान्याच्या पाठोपाठ शिक्षणसंस्था. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नव्हतं त्यांच्या घरात पदवीधर दिसू लागले. ही महाराष्ट्राच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे. तिची थट्टा करण्याआधी ती किती मोठी आहे हे मनात पक्कं असलं पाहिजे.

आणि त्याच वेळी त्या इमारतींच्या आत काय होतं? संस्थेचा अध्यक्ष एका जातीचा, प्राचार्य दुसऱ्या, मग प्राध्यापकांचे दोन तट ठरलेलेच. जूनमध्ये नेमणूक आणि एप्रिलअखेर नारळ, म्हणजे सुट्टीचा पगार वाचला. परीक्षेचे पेपर, गॅदरिंग, प्राचार्याच्या खोलीबाहेरचा शिपाई, भाड्याची खोली, खानावळ. चांगदेव पाटील या सगळ्यातून जातो आणि कुठेच टिकत नाही. प्रत्येक गावात त्याला आधी वाटतं, इथे बरं आहे. मग कुणीतरी त्याची जात शोधून काढतं, कुणीतरी त्याला आपल्या गटात ओढतं, कुणीतरी लग्नाचं विचारतं. मग सामानाची पेटी. नेमाड्यांचा विनोद असा, की यात खलनायक कुणीच नाही. सगळे आपापल्या परीने बरोबर आहेत, आणि सगळे मिळून जे उभं राहतं ते भयंकर आहे.

हेन्री बर्गसाँ नावाच्या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने 1900 साली हसण्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की जिवंत माणूस यंत्रासारखा वागायला लागला की आपल्याला हसू येतं. आपल्या स्टाफरूमला हे किती चपखल बसतं बघा! मस्टरवर सही, ठरलेल्या नोट्स, ठरलेला विनोद, ठरलेली आडनावं. पण बर्गसाँ याच पुस्तकात आणखी एक गोष्ट सांगतो: हसायचं असेल तर काळजाला थोडा वेळ बधिर करावं लागतं, भावना आणि हसू एका जागी नांदत नाहीत. इथे नेमाड्यांनी बर्गसाँला अडवलं आहे असं मला वाटतं. ‘कोसला’ आठवा. हॉस्टेल, मेसचं सेक्रेटरीपद, वाया गेलेले पैसे, मध्येच रोजनिशी, मध्येच बखरीचा थाट. आपण हसत असतो. आणि त्याच पुस्तकात धाकटी बहीण मनी देवीने जाते. लेखक सूर बदलत नाही. तोच पांडुरंग, तीच भाषा, तेच तुटक बोलणं. हसण्यासाठी जी भाषा घडवली तिच्यातच मरण सांगितलेलं आहे, आणि म्हणून ते सहन होत नाही. अहो, जुने विनोदी लेखक आठवा. कोल्हटकरांचे सुदाम्याचे पोहे, गडकऱ्यांचा बाळकराम, चिं. वि. जोश्यांचे चिमणराव. थोर माणसं, मी आजही वाचतो. पण तिथे कुणी मरत नाही, आणि मेलं तरी ते विनोदासाठीच.

‘कोसला’तले दोन शब्द तर तर्कशास्त्राच्या वर्गातले आहेत: ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’. पांडुरंग ते जागोजागी वापरतो आणि आपण त्यावर हसतो. पण थांबून विचार करा. उदाहरण कशाचं? आधी नियम हवा, मग उदाहरण. पांडुरंगाकडे नियम नाहीच, नुसती उदाहरणं आहेत. आणि ‘वगैरे’ म्हणजे पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. पण पुढचं काही ठाऊक नाही! सामान्य विधान हरवलेल्या माणसाचं हे व्याकरण आहे. आमच्या विषयात याच्यावर चारशे पानं लिहितात. इथे दोन शब्दांत काम झालं.

एक तुलना करतो. अमेरिकेत सिंक्लेअर लुइस नावाचा कादंबरीकार होऊन गेला. 1930 चं नोबेल त्याला मिळालं, साहित्याचं नोबेल मिळवणारा तो पहिला अमेरिकन. 1920 ला ‘मेन स्ट्रीट’, 1922 ला ‘बॅबिट’. पहिलीत छोट्या गावात लग्न होऊन आलेली शिकलेली बाई, दुसरीत जमिनी-घरांचा दलाल. दोघांचाही जीव गुदमरतो, दोघंही थोडं बंड करतात, आणि दोघंही परत येतात. पुढे कादंबऱ्या येत गेल्या, डॉक्टर, धर्मोपदेशक, एकेक धंदा घेऊन. पण सूत्र तेच. गाव माणसाला आपल्यासारखं करतं, आणि ते प्रेमाने करतं. नेमाड्यांतही जाणं आणि परत येणं हेच मुख्य. पांडुरंग पुण्याहून सांगवीला परततो. खंडेराव तर मोहेंजोदडोच्या उत्खननावरून वडिलांच्या आजारपणामुळे मोरगावला येतो. फरक कुठे आहे? लुइसच्या जगात माणसाचं मोल त्याने काय विकलं आणि काय विकत घेतलं यावर ठरतं. आपल्याकडे ते तो कोणाचा कोण आहे यावर ठरतं. जाता जाता सांगतो, लुइसने आपल्या साक सेंटर या गावाची एवढी टिंगल केली, आणि त्याच गावाने पुढे रस्त्याला ‘ओरिजिनल मेन स्ट्रीट’ असं नाव देऊन टाकलं. उपहासाचं असं होतं. ज्यांना लागायला हवं तेच टाळ्या वाजवतात. आपल्याकडे झूल पांघरलेल्या किती प्राध्यापकांनी ‘झूल’ शिकवली असेल!

आता मला जिथे यायचं होतं तिथे येतो. हे परतणं कशावर उभं आहे?

पांडुरंगाला पुण्यात अपयश आलं. तो परत आला. कुठे? वडिलांच्या घरी, वडिलांच्या शेतीवर. वडिलांशी त्याचं पटत नाही, तो त्यांच्यावर मनसोक्त चिडतो, पण ताट वाढलेलं आहे. चांगदेव नोकरी सोडू शकतो. राजीनामा हा त्याचा सर्वांत सुंदर गुण आहे, वाचताना आपल्याला हेवा वाटतो. पण त्याच्या पाठीशीही खानदेशातलं शेतकरी घर आहे. घरी जमीन असलेल्या माणसाचा हा उपहास आहे. संस्थेला लाथ मारायला पाय कुठेतरी टेकलेला लागतो.

त्याच काळात, याच शहरात, नागसेनवनात काय चाललं होतं? मिलिंदच्या वसतिगृहात जी मुलं येत होती त्यांना परत जायला गावाबाहेरची वस्ती होती, शेत नव्हतं. त्यांच्यासाठी कॉलेज ही झूल नव्हती. अंगावर घालायला पहिल्यांदा मिळालेलं ते वस्त्र होतं. अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखेडे इथे होते. तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांचं लेखन आणि आपल्या मुलांचं जगणं यांचा संबंध त्यांनी जोडून दाखवला. गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ इथूनच निघालं. म्हणजे एकाच शहरात, एकाच दशकात, महाविद्यालय या एकाच वस्तूकडे बघणाऱ्या दोन नजरा होत्या. एक म्हणत होती, यात काही अर्थ नाही. दुसरी म्हणत होती, यातून आम्हाला माणूस म्हणून बाहेर पडायचं आहे.

आणि मग 1978. 27 जुलैला विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाडा पेटला. गावोगाव दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. नाव प्रत्यक्षात आलं 14 जानेवारी 1994 ला, तेही विस्तार करून. साडेपंधरा वर्षं. ‘जरीला’ 1977 ची, ‘झूल’ 1979 ची. या दोन पुस्तकांच्या बरोबर मधे हा उन्हाळा नव्हे, हा पावसाळा आहे. दया पवारांचं ‘बलुतं’ही 1978 चंच. स्टाफरूममधल्या ज्या जातीवर आपण चतुष्टय वाचताना हसतो, तीच जात रस्त्यावर उतरली तेव्हा हातात रॉकेलचा डबा होता.

यावर दोन प्रकारची मतं मी ऐकत आलो आहे. एक असं, की नेमाड्यांनी जातीची टिंगल करून तिला घरगुती करून टाकलं. हे मला मान्य नाही. उलट जातीचं नाव घेऊन, आडनावासकट, ती शिक्षित माणसांच्या बोलण्यात कशी मुरलेली असते हे इतक्या तपशिलाने त्यांच्याआधी कादंबरीत आलं नव्हतं. बाकीचे लेखक ‘समाज’ असा शब्द वापरून पुढे सरकत. 1978 ला जे घडलं ते आकाशातून पडलं नव्हतं. त्याचं बोलणं चहाच्या कपावर कसं चालतं ते चतुष्टयात आहे. दुसरं मत असं, की नेमाड्यांनी सगळंच सांगितलं, आता काही उरलं नाही. हेही चूक. चांगदेव बघतो, ओळखतो, हसतो आणि निघून जातो. जो निघून जाऊ शकत नाही तो त्या खोलीत काय करतो, ही गोष्ट चांगदेवाच्या तोंडून येणं शक्य नव्हतं. ती ‘बलुतं’सारख्या पुस्तकांतून यावी लागली. तिथेही विनोद आहे बरं का, पण त्याची चव वेगळी आहे.

पैठण इथून पन्नासेक किलोमीटरवर. एकनाथांनी भारुडात काय केलं? वरून हसले नाहीत. जोशी झाले, वासुदेव झाले, महार झाले, आणि त्यांच्या तोंडून बोलले. नेमाड्यांचा उपहास मला इंग्रजी परंपरेपेक्षा या भारुडाच्या जवळचा वाटतो, कारण तो सोंग घेतो, व्याख्यान देत नाही. पण चांगदेवाचं सोंग एकच आहे, प्राध्यापकाचं. शिपायाचं सोंग त्यांनी घ्यायला हवं होतं असं मला नेहमी वाटतं.

स्वतः लेखकावरही हा उपहास उलटतो, हे मजेशीर आहे. लेखकाचा लेखकराव कसा होतो यावर नेमाड्यांचा एक गाजलेला लेख आहे. मानसन्मान, समित्या, पुरस्कार यांनी लेखक कसा निकामी होतो ते त्यात आहे. पुढे 1991 चं साहित्य अकादमी आलं, 2014 चं ज्ञानपीठ आलं. लोकांनी तो लेख तेव्हा हौसेने पुन्हा वाचला. मी म्हणतो, वाचू द्या. झूल कुणाच्या पाठीवर पडणार नाही असं त्यांनी कधी लिहिलं होतं?

‘हिंदू’बद्दल घड्याळ बघून थोडंच बोलतो. उपशीर्षकात ‘अडगळ’ आहे, आणि ती ‘समृद्ध’ आहे. आधीची पाच नावं अंगावर काय घातलंय ते सांगणारी होती, इथे घरात काय साठलंय ते आहे. पुस्तक ऐसपैस आहे, काही ठिकाणी फार ऐसपैस; माझ्या मते शंभर पानं कमी चालली असती. पण एक गोष्ट इथे पहिल्यांदा उघड्यावर येते. वडिलांनंतर शेती कुणी बघायची? सत्तेचाळीस वर्षांपूर्वी पांडुरंग ज्या जमिनीवर न बोलता परत आला, तिचा हिशेब खंडेरावाला करावा लागतो. जमीन गृहीत धरता येत नाही हे कादंबरीलाच कळलं आहे. आणि 2010 पर्यंत मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या कापसाच्या शेताचं काय झालं होतं ते तुम्ही जाणता.

व्याख्यानानंतर एका तरुणाने विचारलं: “सर, मी सेट आहे, पीएच. डी. आहे, सात वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. घरी दोन एकर, तेही कोरडवाहू. मी चांगदेव वाचून काय करू? राजीनामा द्यायलासुद्धा नेमणूक लागते.”

सभागृहात हशा झाला, पण विचारणारा हसत नव्हता. मी त्याला म्हणालो, तुमचा प्रश्न माझ्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा नेमका आहे. चांगदेवाला एप्रिलमध्ये काढत, पण जूनपासून एप्रिलपर्यंत त्याला पगार होता; तुमचं बिल तासावर निघतं आणि वर्षाअखेरीस मिळतं. ती कादंबरी तुमची नाही. ‘बिढार’ वाचा, कारण तुम्ही ज्या खोलीत उभे आहात ती कशी बांधली गेली ते त्यात आहे. सोबत ‘बलुतं’ ठेवा. आणि स्टाफरूममध्ये तुम्हाला बसायला खुर्ची कुठली देतात, हजेरीपुस्तकात तुमचं नाव कुठल्या पानावर असतं, मार्चमध्ये तास कमी दाखवायला कोण सांगतं, ते तारीखवार वहीत लिहून ठेवा. नावं नंतर बदलता येतात.

त्याने विचारलं, मराठीत लिहू की इंग्रजीत? मी म्हटलं, तुमच्या गावी जसं बोलतात तसं.